मौनासुर पाट्या का चोरतो

४ नोव्हेंबर, सोमवार

वज्रबाहूचं तोंड एकदा शिवून टाकायला हवं! आज इमारत कोसळतेय, खाली माणसं सैरावैरा धावतायत, आणि हा महाशय खांद्यावर खांब पेलून न्याय म्हणजे काय ते समजावतोय. पानभर. बोलणार तो, लिहिणार मी. चित्रकथेतला नायक कितीही ताकदवान असो, त्याचा शब्दन् शब्द माझ्या अंगठ्यातून बाहेर पडतो.

आणि दर हिवाळ्यात कुरकुरणारा अंगठा यंदा संपावर गेलाय. दुपारनंतर निब धरली की मनगटापर्यंत कळ जाते. औषधवाल्यानं मलम दिलंय, त्याचा वास लपवायला मी वर पावडर लावते. कार्यालयात कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मालकांच्या डोक्यात संगणक शिरलाय — 'एक बटण दाबलं की सगळे फुगे भरतात, बाई.' माझा हात अडतोय असं त्यांच्या कानावर गेलं की माझं टेबल दुसऱ्या दिवशी जिन्याखाली. पात्रांच्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरणं, एवढं एकच काम मला येतं. घर त्याच्यावर चालतं. खरं सांगायचं तर मीही त्याच्यावरच चालते.

बरं एवढंच की पुढच्या अंकात मौनासुर परत येतोय. देव त्याचं भलं करो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

खलनायकाचं भलं चिंतणारी मी एकटीच असेन. पण हा खलनायक बोलत नाही! पांढरा सपाट मुखवटा, त्याला तोंडाचं भोकसुद्धा नाही. काळा झगा. येतो, शहरातल्या पाट्या चोरतो, जातो; हिवाळ्यात जरा जास्तच. दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावं, जाहिरातींचे फलक, मोठ्या घड्याळावरचे आकडे. जे काही लिहिलेलं दिसेल ते उचलायचं आणि झग्याखाली घालून पसार व्हायचं. कशासाठी, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. वाचक तर्क लढवून थकले. मालकांनाही ठाऊक नाही. फक्त चित्रकाराला ठाऊक, कारण कथाही त्याचीच आणि चित्रंही त्याचीच.

आणि तो कसला सांगतोय! कार्यालयात मी त्याला चित्रकार म्हणते, तो मला बाई. या वहीत मात्र तो घुम्या. पलीकडच्या टेबलावर इतकी वर्षं बसतो, पण सबंध दिवसात त्याच्या तोंडून जेवढे शब्द निघतात ते एका फुग्यात मावतील, आणि वर जागा उरेल. चहासुद्धा खिडकीकडे तोंड करून पितो. माणसाला पाठ दाखवून चहा पिणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मौनासुराची पानं हातावेगळी झाली. केवढी सुटसुटीत! नेहमी फुग्यांबरोबर मागची दुकानं, बस, फलक यांच्यावरची अक्षरंही मलाच काढावी लागतात. या अंकात निम्म्या बाजाराच्या पाट्या गायब, भिंती कोऱ्या करकरीत. वज्रबाहू एकदाच 'कुठे गेला तो?' म्हणतो. उन्हं असताना घरी पोचले.

आईला कच्चं पान दाखवलं. भिंग लावून बघत होती. आईचं मौनासुरावर भारी प्रेम. म्हणते, 'निदान गप्प तरी बसतो गं. तुझे वडील असे असते तर!'

११ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडली. अंगठा बघवत नाही. सकाळी पोचले तर कार्यालयातला एकुलता एक हीटर माझ्या टेबलाखाली. तोच तो, एका पायाने लंगडा, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेला. शुक्रवारी मालकांच्या खोलीत होता. थंडी पडली की दरवर्षी तो रोज सकाळी माझ्याकडे येतो. झाडूवाल्या मावशी ठेवत असणार. बिचारीला एक साडी द्यायला हवी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नाकी नऊ आले. आमची रीत अशी — घुम्या आधी पेन्सिलीने पान काढतो आणि कोण बोलतंय तिथे बारीकशी खूण करतो. मग मी शाईने अक्षरं लिहिते, भोवती फुगा ओढते, फुग्याची शेपूट त्या खुणेकडे वळवते. मग तो चित्रांवर शाई फिरवतो आणि जाता जाता माझं लिहिलेलंही तपासतो. या वेळी अंगठ्याने दगा दिला, मी मागे पडले, आणि सगळं उलटं झालं. त्यानं शाई आधी फिरवली, मी अक्षरं शेवटी भरली. खालून छापखान्यातून हाका सुरू. शेवटचं पान तर मी ओलंच खाली पाठवलं.

लिफ्टचा प्रसंग आहे. मौनासुर 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी पळवतो, म्हणून एक लहान मुलगी आत शिरते आणि मधेच अडकते. अंधार. चांगलाच दुष्ट झालाय या वेळी.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंक हातात पडला. आईनेच दाखवलं. 'अगो, हा बोलला की!'

बघते तर काय — लिफ्टच्या जाळीशी हवालदार वाकून मुलीला सांगतोय, 'घाबरू नकोस, मी आहे.' म्हणजे त्यानं सांगायला हवं होतं. पण फुग्याची शेपूट हवालदाराकडे गेलेलीच नाही. ती वर वळलीय, जिन्यावर उभ्या मौनासुराकडे. पेन्सिलीची खूण माझ्याच बाहीने पुसली गेली असणार, आणि मी घाईघाईत ज्याचा चेहरा समोर दिसला त्याच्याकडे शेपूट ओढून मोकळी झाले. ज्याला तोंड नाही त्याच्या तोंडी शब्द घातले!

 घुम्यानं वर्षानुवर्षं एक गोष्ट जपली होती, ती मी एका रेघेत घालवली. उद्या मालक विचारतील. काय सांगू? हात कसा वळला ते सांगायचं तर हाताचं सगळंच सांगावं लागेल.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मालकांनी दोघांनाही आत बोलावलं. अंक टेबलावर उघडा. 'ही शेपूट कुणाची करामत?'

मी तोंड उघडणार तेवढ्यात घुम्या म्हणाला, 'माझी. मीच तशी खूण केली होती. बाईंनी बरोबर काढलंय.'

मालक त्याच्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याहून जास्त. एवढं लांबलचक वाक्य त्याच्याकडून मी प्रथमच ऐकत होते, आणि ते धडधडीत खोटं होतं! बाहेर आल्यावर मी म्हटलं, 'चित्रकार, चूक माझी होती.' तर टोपी डोक्यावर घालत म्हणाला, 'वाक्य चांगलं आहे. राहू दे त्याच्याकडे.' आणि जिना उतरून गेला. जीव भांड्यात पडला, पण रडूही आलं. कशाचं ते कळलं नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

का खोटं बोलला असेल?

२५ नोव्हेंबर, सोमवार

पत्रांचा ढीग. फोन खाली ठेवायची सोय नाही. मौनासुर बोलला! तो वाईट नाहीच! तो त्या मुलीचा हरवलेला बाप आहे! एका बाईने तर लिहिलंय की तिची पोर आता दिवा घालवून झोपते, 'तो आहे ना' म्हणते. ते पत्र मी आईला दाखवायला घरी आणलं.

पण मालकांना हे वाचून वेगळंच सुचलं. एकदा बोलला, तर आता पुरतंच बोलू दे! हिवाळी विशेष अंकात मौनासुर मुखवटा काढणार आणि पाट्या का चोरतो ते स्वतःच्या तोंडाने सांगणार. लांबलचक भाषण, पानंच्या पानं. त्यावर त्याची कथा संपणार. 'आणि मग नव्या वर्षात नवं. संगणकही आलेलाच असेल.' माझ्याकडे बघून हसले. वाईट माणूस नाही. त्यांना वाटतं, माझे कष्ट वाचवतायत.

म्हणजे मौनासुर संपला की मीही संपले. आणि संपण्याआधी त्याचं भाषण मलाच लिहायचंय, या अंगठ्यानं. पायावर धोंडा पाडून घेतला तोही माझ्याच हाताने.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मालकांच्या खोलीतून आवाज. घुम्याचासुद्धा! दाराला कान लावावा लागलाच नाही. 'नाही बोलणार तो.' मालक म्हणाले, 'तुम्ही नाही काढलंत तर दुसरा काढेल.' 

मला त्याचाच राग आला. चहाच्या वेळी खिडकीशी गेले, त्याच्या पाठीला म्हटलं, 'हट्ट कशाला करता? एक भाषण लिहा नि मोकळे व्हा. तुम्हाला पुढे नवं काम मिळेल. सगळ्यांनाच मिळतं असं नाही.'

वळला. कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, 'बाई, तो बोलला तर त्यानं आजवर जे केलं त्याला काही अर्थच उरत नाही.'

'पण केलं काय त्यानं आजवर? पाट्या चोरल्या!'

'हो,' म्हणाला, 'तेवढंच जमलं त्याला.'

घ्या! याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडतं, ती निदान कोड्यात बोलत नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आईला विचारलं, मौनासुर पाट्या का चोरत असेल. तिने भिंग खाली ठेवलं. म्हणाली, 'कुणासाठी तरी.' मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, 'स्वतःसाठी चोरणारा माणूस एकदा तरी वापरून बघतो गं. यानं एक पाटी कधी लावून पाहिलीय? उचलतो आणि नेतो. जसं कुणाच्या वाटेतला काटा उचलावा.'

म्हातारी वाचते बारीक. मग म्हणाली, 'अंगठा दाखव.' दाखवला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

घुम्या ऐकत नाही म्हणून मालकांनी भाषण स्वतःच लिहिलं. 'हे मूर्ख शहरवासीयांनो' इथपासून सुरुवात. मौनासुराला म्हणे जगावर राज्य करायचंय. एवढी वर्षं कोडं घातलं आणि आतून निघालं काय, तर हे. मला म्हणाले, 'बाई, तुम्ही कागदाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवा, पानं आली की चिकटवू.'

बसले लिहायला. 'शहरवासीयांनो'च्या पहिल्या वेलांटीलाच अंगठा वळेना. दुसऱ्या पट्टीवर निब हातातून सुटली, शाई फराटा मारून गेली. तिसऱ्या वेळी डाव्या हाताने उजवा धरून ओढलं. माझं अक्षर मलाच ओळखू येईना. एक काळ असा होता की लोक म्हणायचे, छापलंय की लिहिलंय?

मान वर केली तर घुम्या टेबलाशी उभा. कधीपासून, कोण जाणे. मी हात पदराखाली घेतला. त्यानं खराब पट्ट्या गोळा केल्या, नीट घडी करून खिशात घातल्या आणि आपल्या जागी जाऊन बसला.  मालकांना नेऊन दाखवतो की काय, म्हणून दिवसभर त्यांच्या दारावर नजर ठेवून बसले.

६ डिसेंबर, शुक्रवार

नाही दाखवल्या.

१० डिसेंबर, मंगळवार

आज मीच सांगून टाकलं. चोरासारखं हात लपवत बसणं जमेना. मालकांसमोर अंगठा धरला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, म्हणाले, 'आधी बोलायचं नाही का, बाई?' मग म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, भाषण संगणकावरच करून घेऊ, माझा भाचा बसवतोच आहे. या शुक्रवारच्या अंकाबरोबर तुमचं अक्षरांचं काम थांबवू. आलेल्या पत्रांना उत्तरं सांगायला बसा, हवं तर. इतक्या गोडीने सगळं काढून घेतलं की मीच आभार मानून आले!

टेबलाशी आले. निबा पुसून डबीत ठेवल्या. घुम्या वाकून काहीतरी काढत होता, पानावर हात आडवा धरून, शाळेत शेजाऱ्यानं उत्तर बघू नये म्हणून धरतात तसा. म्हटलं, सांगू का याला? नाही सांगितलं. याला काय फरक पडतोय.

११ डिसेंबर, बुधवार

मावशींना साडी दिली. हीटरबद्दल म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. 'मी? त्या धुडाला? माझी कंबर बघा की बाई.' मग कोण ठेवतं? 'मी येते तेव्हा ठेवलेलाच असतो.' साडी मात्र परत केली नाही, आणि बरंच केलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

घुम्यानं शेवटची पानं अजून दिलेली नाहीत. मालक आपल्या खोलीतून त्याच्या टेबलापर्यंत येरझारा घालतायत. संगणक बसलाय पण छापून द्यायला तयार नाही, भाचा घामाघूम. उद्या दुपारी यंत्र सुरू व्हायलाच हवं, नाहीतर अंक बुडाला. आईला सांगितलं, उद्या माझा अक्षरांचा शेवटचा दिवस. तिने भिंग पुसलं, बराच वेळ पुसत बसली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

घुम्यानं भाषणाच्या पानांऐवजी एकच पान थेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. छापखान्यातून हाका चालू होत्या, बदलायला कुणाला वेळच नव्हता.

मौनासुराची गुहा. भिंतींना टेकवून सगळ्या पाट्या, नीट, पुसून ठेवलेल्या. मधोमध एक टेबल. निबांची डबी. खुर्चीवर हिरवी उशी, तिला आईने लावलेलं ठिगळ. टेबलाशी पाठमोरी बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, उजवा हात मांडीवर, विसावलेला. आणि दारातून, काळा झगा सावरत, मुखवटा तसाच, चवड्यांवर, आवाज न करता मौनासुर येतोय. हातात हीटर. एका पायाने लंगडा.

पाट्या. कोऱ्या भिंती. मुकं तोंड. दर हिवाळ्यात जास्तच. सगळं माझ्या अंगठ्यासाठी! त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

पानावर एकच फुगा, रिकामा. खूण त्या बाईकडे. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात — 'जमेल तेवढंच लिहा.'

मी लिहिलं, 'चहा घेणार?' प्रश्नचिन्ह थरथरलंय. तसंच खाली पाठवलं.

मग खिडकीशी गेले. या वेळी तो वळून उभा होता.